परफॉर्मन्स क्लच बसवला तरी पुन्हा स्लिप? आणखी दणकट किट घेण्याआधी हे तपासा

इंजिन रीमॅप केलं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून त्याची ताकद वाढवली, मूळ क्लच स्लिप व्हायला लागला, म्हणून परफॉर्मन्स किट बसवलं. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. चौथ्या गिअरमध्ये एक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी मात्र त्या मानाने पुढे जात नाही. मग सल्ला मिळतो, 'याहून वरच्या स्टेजचं घ्या.' ते घेतलं की पेडल जड होतं, रहदारीत गाडी धक्के देते आणि बऱ्याचदा तोही क्लच वर्षभरात जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जळालेली क्लच प्लेट हा परिणाम असतो. (क्लच प्लेट म्हणजे इंजिनसोबत फिरणारं फ्लायव्हील आणि स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये पकडली जाणारी, दोन्ही बाजूंना घर्षणाची लायनिंग असलेली चकती.) कारण शोधलं नाही तर किट कितीही दणकट घ्या, तेही त्याच वाटेने जाणार. कारण सापडलं की रस्त्यावर चालवायच्या गाडीला लागणारा क्लच बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा बराच सौम्य निघतो.

आधी खात्री करा की स्लिपच आहे

गाडी नीट गरम झाल्यावर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, म्हणजे चौथ्या किंवा पाचव्यात, कमी आरपीएमवरून एक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग एका गिअरमध्ये ठरलेल्या प्रमाणातच वाढायला हवेत. टॉर्कच्या शिखराजवळ आरपीएम एकदम उडी मारून वर गेले आणि वेग मागे राहिला, तर क्लच स्लिप होतोय. हे दोनदा केलं की पुरे. पुन्हा पुन्हा केलंत तर चाचणीच क्लच जाळेल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही परीक्षा घेऊ नका, तिथे टायर फिरले तरी तसंच वाटतं.

रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल किंवा पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर ते दुखणं वेगळं आहे. तिथे क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोन्हींची गल्लत झाली की चुकीचे भाग बदलले जातात.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी हायड्रॉलिक

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. क्लच पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर आलं की ते उघडं राहतं आणि गरम होऊन फुगलेलं फ्लुइड त्यातून टाकीत परत जातं. पेडलच्या पुशरॉडचं ॲडजस्टमेंट जास्त लांब ठेवलं गेलं, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते छिद्र झाकलेलं राहतं. गाडी थंड असताना काहीच कळत नाही. इंजिनची उष्णता लागली की लाइनमध्ये दाब अडकतो, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर रेटलं जातं आणि प्रेशर प्लेटची पकड तेवढी कमी होते. पायाला काही जाणवत नाही, पण क्लच सतत थोडा दाबलेलाच असतो.

ओळखायचं असं. गाडी गरम असताना स्लिप सुरू झाली की थांबा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, पेडलला हात न लावता गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. फ्लुइडची जोरात पिचकारी उडाली आणि बेअरिंग ढकलणारा फोर्क बाहेर दिसत असेल तर तो मागे सरकला, म्हणजे दाब अडकला होता. स्क्रू बंद करून, लाइनमध्ये हवा शिरलेली नाही याची खात्री करून गाडी चालवा. स्लिप गेली असेल तर क्लच किटचा दोष नाही. पुशरॉडला थोडा फ्री प्ले (मोकळा खेळ) द्या. तरीही दाब अडकतच असेल तर मास्टर सिलिंडर बदला. रबरी पाइप आतून फुगून बंद झाला तरी हेच लक्षण दिसतं. केबलवाल्या गाडीत केबल जास्त ताणलेली असेल तरी परिणाम तोच.

क्लच किट बदलताना पेडलचं ॲडजस्टमेंट बऱ्याचदा छेडलं जातं, कारण नव्या प्रेशर प्लेटचा पिकअप पॉइंट (पेडल सोडताना क्लच धरू लागतो ती जागा) वेगळा येतो आणि मालकाला तो जुन्या जागी हवा असतो. नवा क्लच पुन्हा गेला अशी तक्रार असते, तिथे मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

काढलेले भाग फेकू नका

गिअरबॉक्स खाली घ्यायची वेळ आलीच तर जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील न पुसता एका ओळीत मांडून ठेवा. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नव्या लायनिंगची धूळसुद्धा फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते.

लायनिंग काळपट ओलसर असेल, किंवा बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या आवरणात) चिखलासारखा थर असेल, तर तेल आलंय. वास घ्या आणि बोटाने चोळून बघा. इंजिन ऑइल असेल तर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलकडे संशय जातो. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. पातळ, रंगाला खाणारं द्रव असेल तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय. आणि गळती नसतानाही फक्त प्लेटच्या मधल्या हबभोवती चिकट शिंतोडे असतील तर बसवताना स्प्लाइनवर (शाफ्टच्या दात्यांवर) ग्रीस जास्त लावलं गेलंय. तेल प्यायलेली लायनिंग पेट्रोलने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन परत बसवू नका. आत मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

लायनिंगची जाडी शिल्लक आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालाय, तर ती झिजून गेलेली नाही, जास्त तापलीय. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा सोबतच दिसतील. अशा डागांखालचं लोखंड कडक झालेलं असतं. वरवर सँडपेपर मारून ते जात नाही, फ्लायव्हील मशीनवर घासून घ्यावं लागतं किंवा बदलावं लागतं. पायरी असलेलं फ्लायव्हील असेल तर घासताना पायरीची मूळ उंची जशीच्या तशी राखायला सांगा. फक्त घर्षणाची बाजू खाली गेली तर प्रेशर प्लेटची पकड कमी होते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून कमजोर निघतो.

एकाच बाजूची लायनिंग जास्त खाल्ली गेली असेल, किंवा हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासल्याच्या खुणा असतील, तर प्लेट उलटी बसली होती का, हब वाकलाय का ते बघा. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटच्या हबवर लटकलं तरी हब वाकू शकतो. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधल्या डॉवेल पिना जागेवर आहेत ना, हेही बघा. त्या हरवल्या की दोन शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत.

एक हिशेब, जो प्रत्येकाने करावा

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाच्या बाजू किती, घर्षणाचा गुणांक किती, प्रेशर प्लेटचा दाब किती, आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या किती. चारींचा गुणाकार म्हणजे क्षमता.

समजा प्लेट बाहेरून २४० मिलिमीटर, आतून १६० मिलिमीटर आहे. सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर, म्हणजे ०.१ मीटर. दाब ६,००० न्यूटन, ऑरगॅनिक लायनिंगचा गुणांक ०.३, बाजू दोन. २ × ०.३ × ६,००० × ०.१ = ३६० न्यूटन-मीटर. इंजिनचा मूळ टॉर्क २८० असेल तर हा क्लच निवांत चालतो. रीमॅपनंतर टॉर्क ३७० झाला की तो हरला.

आता याच क्लचवर तेल आलं आणि गुणांक ०.१५ वर घसरला असं धरा. क्षमता उरते १८०. त्याजागी २० टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ०.३५ गुणांकाची चांगली ऑरगॅनिक लायनिंग घेतलीत, तर कोरडेपणी ५०४ मिळतात, पण तेलात तेही २१६ वर येतं. म्हणजे मूळ इंजिनलासुद्धा अपुरं. सील न बदलता किट बदलणं व्यर्थ का, ते या एका आकड्यात दिसतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. दोन प्लेटच्या क्लचमध्ये बाजू चार होतात. तिथे फक्त ४,००० न्यूटन दाबावर ४ × ०.३ × ४,००० × ०.१ = ४८० न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे मूळ क्लचपेक्षा कमी दाब, तरी क्षमता एक तृतीयांशाने जास्त. ट्विन प्लेट म्हणजे रेसची, रस्त्यावर नकोशी, असा समज पक्का आहे. पण रस्त्यासाठी बनवलेली, ऑरगॅनिक लायनिंगची ट्विन प्लेट ही जास्त टॉर्कच्या गाडीला सगळ्यात सुसह्य निवड असते. महाग असते आणि बसवायला किचकट, हे मान्य.

कोणता टॉर्क धरायचा

क्लच हॉर्सपॉवरवर निवडू नका. क्लचवर भार येतो टॉर्कचा, आणि टर्बो गाडीत तो मधल्या आरपीएमलाच शिखरावर असतो. दोन गाड्यांची हॉर्सपॉवर सारखी असली तरी क्लच वेगळा लागू शकतो.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मिळालेला आकडा चाकांवरचा आहे की क्रँकवरचा, ते विचारून घ्या. चाकांवर ३२० न्यूटन-मीटर मिळाले आणि वाटेतला तोटा १५ टक्के धरला, तर क्रँकवर साधारण ३७६ होतात. क्लच बनवणाऱ्यांचे आकडेही असेच असतात, कुणी क्रँकचा देतो, कुणी चाकांचा. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करू नका. आणि 'स्टेज २', 'स्टेज ३' या नावांना कुठलंच सर्वमान्य प्रमाण नाही. एकाची स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज ३ पेक्षा जास्त टॉर्क पेलू शकते. न्यूटन-मीटरमधला आकडा आणि लायनिंगचं साहित्य, एवढंच विचारा.

मोजलेल्या टॉर्कपेक्षा २० ते ३० टक्के जास्त क्षमता रस्त्यासाठी पुरते. थंड हवेत टर्बो इंजिन थोडा जास्त टॉर्क देतं, लायनिंग तापली की पकड थोडी उतरते, ते सगळं यात सामावतं. दुप्पट क्षमतेचा क्लच घेणं मला धोक्याचं वाटतं. मूळ क्लच अचानक बसलेल्या धक्क्यात किंचित घसरतो आणि गिअरबॉक्सला वाचवतो. अजिबात न घसरणारा क्लच तोच धक्का गिअरच्या दातांवर, ड्राइव्ह शाफ्टवर आणि डिफरेन्शियलवर टाकतो.

लायनिंग: इथेच रोजचं सुख ठरतं

पूर्ण चकतीची ऑरगॅनिक लायनिंग रस्त्यावर सगळ्यात मऊ चालते. तिच्या दोन थरांमध्ये नागमोडी पत्रे असतात. पेडल सोडताना ते हळूहळू दबतात, म्हणून पकड टप्प्याटप्प्याने येते. तिची मर्यादा उष्णता. आतलं राळ तापलं की तो ओळखीचा जळका वास येतो आणि गुणांक पडतो. एखाद वेळी झालं तर थंड झाल्यावर बरीचशी पकड परत येते, वारंवार झालं तर नाही.

सिरॅमिक म्हणून विकली जाणारी प्लेट म्हणजे तांब्याच्या किंवा लोखंडाच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेले तुकडे, सहसा तीन, चार किंवा सहा. गुणांक ०.४ च्या आसपास किंवा वर, आणि उष्णता पचवण्याची ताकद मोठी. पण बऱ्याच अशा प्लेटांत ते नागमोडी पत्रे नसतात. पकड एकदम येते, गाडी निघताना थरथरते. सवय नसलेला चालक मग थरथर टाळायला आरपीएम वाढवून क्लच जास्त वेळ अर्ध्यावर धरतो. फ्लायव्हील तापतं, डाग पडतात, थरथर आणखी वाढते. सिरॅमिक असूनही क्लच लवकर गेला अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हे चक्र असतं. गाडी आठवड्यातले पाच दिवस रहदारीत असेल तर सिरॅमिक घेऊ नका. ट्रॅकवर नियमित जाणार असाल आणि एकच प्लेट बसवायची असेल, तर सहा तुकड्यांची आणि स्प्रिंग असलेल्या हबची घ्या.

केव्हलारची प्लेट मऊ चालते आणि टिकते, पण तिला धीराने बसवावं लागतं आणि एकदा चकचकीत झाली की ती सहसा पूर्ववत होत नाही. जास्त तापवण्याची सवय असलेल्यांसाठी ती नाही. कार्बन प्लेट थंड असताना कमी पकडते, हे रोजच्या गाडीत त्रासाचं ठरतं.

हब मात्र स्प्रिंगचाच हवा, विशेषतः ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हील बसवणार असाल तर. ड्युअल मासच्या पोटातल्या स्प्रिंगा इंजिनचे झटके गिळत असतात. त्या गेल्या आणि हबही घट्ट निघाला, तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो आणि ते झटके थेट गिअरपर्यंत जातात.

फ्लायव्हीलचं वजन

हलक्या फ्लायव्हीलने इंजिन चटकन फिरतं, हे खरंच सुखाचं आहे. किंमत मोजावी लागते उष्णतेत. इंजिनचे आरपीएम स्थिर धरले, तर निघताना क्लचमध्ये साधारण तेवढीच ऊर्जा जळते जेवढी गाडीला गती म्हणून मिळते. १,५०० किलोची गाडी ताशी २० किलोमीटरला क्लच पूर्ण धरेल अशी शांतपणे काढली, तर हा आकडा सुमारे २३ किलोज्यूल येतो. तीच गाडी ताशी ५० पर्यंत क्लच घसरवत जोरात काढली तर १४५ किलोज्यूल. सहापटीहून जास्त, तेही एकदाच निघताना. ही उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटला शोषायची असते. फ्लायव्हीलचं लोखंड निम्मं केलंत तर त्याचं तापमान दुप्पट वेगाने चढतं. म्हणून रोजच्या गाडीला मूळ वजनापेक्षा थोडंच हलकं फ्लायव्हील घ्या.

मूळ ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील लेथवर कातून हलकं करण्याचा उद्योग करू नका. ते वेगात फुटलं तर बेल हाउसिंग आणि फ्लोअर भेदून तुकडे आत येऊ शकतात. एकसंध स्टीलचं, किंवा घर्षणाच्या जागी स्टीलची रिंग असलेलं ॲल्युमिनियमचं घ्या, एसएफआय १.१ (रेसिंगच्या भागांसाठीचं सुरक्षा प्रमाण) प्रमाणित असेल तर उत्तम.

प्रेशर प्लेट आणि पेडल

दाब वाढवला की पेडल जड होतं, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. तो जादा रेटा रिलीज बेअरिंगवर, फोर्कवर, हायड्रॉलिक सीलवर येतो आणि शेवटी क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँक पुढे ढकलला जातो. सिग्नलला पेडल दाबून उभं राहायची सवय असेल तर ती जड प्रेशर प्लेटसोबत अजिबात चालणार नाही, न्यूट्रल करून पाय काढा. किट बदलायच्या वेळी डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ मोजून घ्या आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहा.

मूळ गाडीत आपोआप ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असेल तर ती खास टूल वापरूनच बसवा. नुसते बोल्ट आवळून खेचली तर आतली रिंग नव्या प्लेटवरच पुढे सरकते आणि सगळं गणित पहिल्याच मिनिटाला बिघडतं.

बसवणं आणि बसू देणं

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा. नंतर त्या जागेला उघडा हात लावू नका. प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' लिहिलंय ते वाचा. सेंटरिंग टूल वापरा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा आणि शेवट टॉर्क रेंचने करा. प्लेट आवळण्याआधी इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीस लावून ती एकदा मागे-पुढे सरकवा, बाहेर आलेलं सगळं पुसून टाका.

पुढचे ५०० ते ८०० किलोमीटर शहरात चालवा. इथे अंतरापेक्षा क्लच किती वेळा सुटला आणि धरला हे महत्त्वाचं, हायवेवर एका गिअरमध्ये काढलेले किलोमीटर जमेस धरू नका. या काळात जोरात निघणं नाही, पूर्ण एक्सिलरेटर नाही, रीमॅप असेल तर शक्यतो कमी टॉर्कच्या मॅपवर. नव्या लायनिंगचा पूर्ण पृष्ठभाग अजून फ्लायव्हीलला टेकलेला नसतो. उंच भागांवरच सगळा भार येतो, जोर दिला तर ते तापून चकचकीत होतात आणि मग क्लच कधीच आपल्या क्षमतेला पोचत नाही. त्यामुळे या काळात किंचित स्लिप जाणवली तर घाबरू नका, एक्सिलरेटर सोडा आणि सौम्य चालवत राहा.

८०० किलोमीटरनंतर वरच्या गिअरची तीच चाचणी घ्या, थंडपणी नव्हे, तर गाडी तासभर चालून गरम झाल्यावर. थंड असताना धरतो आणि गरम झाल्यावर सोडतो असं दिसलं, तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पुन्हा एकदा ब्लीड स्क्रू आणि पुशरॉड तपासा. थंडगरम दोन्हीत सारखाच स्लिप होत असेल तर बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेलाचा थेंब डोकावतोय का ते बघा. दोन्ही कोरडं आणि ठीक असेल, तरच मोजलेला टॉर्क आणि किटचा आकडा समोरासमोर ठेवून विक्रेत्याशी बोला.